ग्रॅव्हिटॉनचं वस्तुमान: शून्य, की जवळजवळ शून्य?

नीरजा

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात फळ्यावर मूलकणांचा तक्ता काढला होता. फोटॉन, वस्तुमान ०. ग्लुऑन, ०. शेवटी हौसेने ग्रॅव्हिटॉनही (गुरुत्वाकर्षणाचा वाहक मानला जाणारा कण) लिहिला आणि त्याच्यापुढेही ० काढलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे मोजलंय की मानलंय?" मी "मानलंय" म्हणाले, घंटा झाली आणि वर्ग सुटला. उत्तर चुकीचं नव्हतं, पण ते अपुरं होतं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. म्हणून जुन्या वह्या काढल्या, नवं बरंच वाचलं. त्यातून हा धागा.

एखाद्या बलाचा वाहक कण वजनदार असेल तर त्या बलाचा पल्ला आखूड होतो, हे युकावाने १९३५ साली अणुकेंद्रातल्या बलाबद्दल दाखवलं. गुरुत्वाकर्षणाला तोच नियम लावला तर? जवळच्या अंतरावर न्यूटनचा वर्गव्यस्ताचा नियम तसाच दिसेल, मात्र एका ठरावीक अंतरापलीकडे ओढ झपाट्याने विरत जाईल. ते अंतर म्हणजे ग्रॅव्हिटॉनची कॉम्प्टन तरंगलांबी. वस्तुमान जितकं कमी, तितकं हे अंतर मोठं.

गंमत अशी की हा विचार पुंज (क्वांटम) भौतिकीच्याही आधीचा आहे. अनंत पसरलेल्या विश्वात न्यूटनच्या नियमाने बेरीज करायला गेलं तर उत्तरच निघत नाही. म्हणून १८९०च्या दशकात जर्मन खगोलशास्त्रज्ञ सीलिगर यांनी दूर अंतरावर गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं असं सुचवलं होतं. आइन्स्टाइनच्या १९१७च्या विश्वरचनेवरच्या लेखाची सुरुवातही न्यूटनच्या समीकरणात तसलंच एक पद घालून होते. (तिथून पुढे ते वैश्विक स्थिरांकाकडे गेले. वैश्विक स्थिरांक म्हणजे ग्रॅव्हिटॉनचं वस्तुमान नव्हे. या दोघांची गल्लत फार ठिकाणी वाचायला मिळते.)

सापेक्षतेशी सुसंगत असं पहिलं समीकरण १९३९ साली फिर्झ आणि पाऊली यांनी लिहिलं. पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ग्रॅव्हिटॉनची फिरकी (स्पिन) २. वस्तुमान नसलेल्या अशा कणाला थरथरण्याच्या दोनच तऱ्हा असतात. गुरुत्वीय लहरींची ती 'अधिक' आणि 'गुणिले' अशी दोन ध्रुवीकरणं आपण चित्रांत पाहतो. वस्तुमान दिलं की तऱ्हा होतात पाच. वस्तुमान कितीही इवलं असलं तरी पाचच. तीन नव्या तऱ्हा हळूहळू उगवत नाहीत. त्या एकतर असतात किंवा नसतात.

१९७० साली व्हॅन डॅम आणि व्हेल्टमन यांनी, आणि स्वतंत्रपणे झाखारोव यांनी, याचा परिणाम मोजला. मी तो कागदावर स्वतः करून पाहिला, थोडक्यात असा: पाचव्या, म्हणजे अदिश तऱ्हेमुळे स्थिर वस्तूंमधली ओढ एकतृतीयांशाने वाढते. ग्रहांच्या कक्षा तर आपल्याला नेमक्या माहीत आहेत, तेव्हा गुरुत्व स्थिरांक तीनचतुर्थांश करून हिशेब जुळवावा लागतो. पण प्रकाशाला ही अदिश तऱ्हा जाणवतच नाही. त्याची ओढ वाढलेली नसते आणि स्थिरांक मात्र कमी झालेला असतो. मग सूर्याच्या कडेने येणारा प्रकाश १.७५ विकलांऐवजी (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) १.३१ विकलांनीच वळायला हवा.

१९१९च्या ग्रहणात ब्राझीलच्या सोब्राल गावाहून १.९८ विकला मिळाले, आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून १.६१. तेव्हाच्या चुकीच्या मर्यादा मोठ्या होत्या. आज मात्र वाद उरलेला नाही. २००३ साली कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून झालेल्या मोजणीत सामान्य सापेक्षतेचं भाकीत लाखात दोन-तीन भागांपर्यंत खरं उतरलं. इथे तर पंचवीस टक्क्यांचा फरक आहे!

म्हणजे त्या मुलीला मी सांगू शकते का, की सूर्याजवळच्या प्रकाशानेच ग्रॅव्हिटॉनचं वस्तुमान बरोबर शून्य आहे हे सिद्ध केलं? १९७० साली काही जणांना तसंच वाटलं होतं. गोष्ट तिथे संपली नाही. पुढचं जाणकारांनी लिहावं, मला यातलं निम्मंच नीट कळलेलं आहे.

रानवारा

नीरजाताई, छान सुरुवात. एक अगदी प्राथमिक शंका. ग्रॅव्हिटॉन अजून कुणी पकडलेलाच नाही ना? मग न सापडलेल्या कणाचं वजन काय करणार?

नीरजा

रानवारा, ही शंका मलाही होती. एकटादुकटा ग्रॅव्हिटॉन पकडणं आजच्या कुठल्याही उपकरणाच्या आवाक्यात नाही, हे खरं. पण वस्तुमानाची खूण एकेका कणात शोधावी लागत नाही, ती लहरीतच उमटते. वस्तुमान असेल तर सगळ्या वारंवारतांच्या लहरी एकाच वेगाने जात नाहीत. खर्जातल्या मागे पडतात, टिपेच्या पुढे जातात. त्यामुळे लहर मोजली तरी पुरतं. आकडे कुणी करून दाखवेल का?

ध्रुवबाळ

मी करून दाखवतो. गुरुत्वीय लहरींच्या विदेवर (डेटावर) काम करतो, त्यामुळे हा रोजचा विषय आहे.

अमेरिकेतल्या लायगो या यंत्रांनी टिपलेली गुरुत्वीय लहरीची पहिली नोंद घेऊ, १४ सप्टेंबर २०१५ची. सुमारे ३६ आणि २९ सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांची टक्कर, अंतर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं. संकेत जेमतेम ०.२ सेकंदाचा. ३५ हर्ट्झला सुरू होऊन २५० हर्ट्झपर्यंत चढत गेलेला. म्हणजे खर्ज आधी निघाला, टीप नंतर.

आता ग्रॅव्हिटॉनला वस्तुमान आहे असं धरा. १.२ गुणिले १० चा उणे २२ वा घात इतके इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक). वेगातला तुटवडा वस्तुमानाची ऊर्जा भागिले लहरीच्या एका पुंजाची ऊर्जा, याच्या वर्गाच्या निम्मा असतो. १०० हर्ट्झला पुंजाची ऊर्जा ४.१ गुणिले १० चा उणे १३ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट. भागाकार येतो साधारण ३ गुणिले १० चा उणे १० वा घात. वर्ग केला की ८ गुणिले १० चा उणे २० वा घात. इतक्या क्षुल्लक फरकाने काय होणार असं वाटेल. पण प्रवास १३० कोटी वर्षांचा आहे, म्हणजे ४ गुणिले १० चा १६ वा घात इतक्या सेकंदांचा. गुणाकार करून निम्मे करा: १.७ मिलिसेकंद. विश्वाचं प्रसरण मी इथे धरलेलं नाही, त्याने थोडा फरक पडतो.

हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून ३५ हर्ट्झचा भाग सुमारे १४ मिलिसेकंद मागे पडतो आणि २५० हर्ट्झचा पाव मिलिसेकंदाच्या आसपास. आधी निघालेला खर्ज उशिरा पोहोचतो, नंतर निघालेली टीप त्याला गाठू पाहते आणि सगळा संकेत आवळला जातो. ३५ हर्ट्झच्या एका आवर्तनाला २८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे जवळजवळ अर्धं आवर्तन सरकलं. अर्धं आवर्तन सरकलेली लहर ठरावीक साच्याशी जुळवून पाहिली की बेसूर लगेच कळतो. तसा बेसूर दिसला नाही, म्हणून पहिल्याच नोंदीतून मर्यादा निघाली: वस्तुमान असलंच तर १.२ गुणिले १० चा उणे २२ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी.

ही कल्पना क्लिफर्ड विल यांनी १९९८ साली मांडली होती, पहिली लहर सापडायच्या सतरा वर्षं आधी. आणि साच्याशी जुळवून पाहण्याच्या ज्या पद्धतीवर हे सगळं उभं आहे, ती गुरुत्वीय लहरींसाठी घडवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेमधल्या संजीव धुरंधर यांचा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचं काम सुरू झालं तेव्हा लायगोच्या भुजा बांधलेल्याही नव्हत्या. मला हे प्रत्येक वेळी आवर्जून सांगावंसं वाटतं.

पुढे अनेक नोंदी एकत्र करून मर्यादा आणखी खाली गेली. नोंदींच्या तिसऱ्या यादीपर्यंतचा आकडा १.२७ गुणिले १० चा उणे २३ वा घात. कॉम्प्टन तरंगलांबीत सांगायचं तर सुमारे १० प्रकाशवर्षं.

हिंगोलीकर

आमच्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया होतंय. २०१६ साली तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची. ज्योतिर्लिंगाच्या गावाला आता चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा येणार, म्हणून आमच्याकडे या विषयावर चहाच्या टपरीवरही बोलणं होतं. माझा प्रश्न असा की औंढ्याचं यंत्र आल्यावर ग्रॅव्हिटॉनचं वस्तुमान सापडेल का? गावात कुणी विचारलं तर नेमकं काय सांगायचं?

ध्रुवबाळ

हिंगोलीकर, प्रामाणिक उत्तर: वस्तुमानाची मर्यादा एका जादा यंत्राने एकदम खाली जाणार नाही. ती मुख्यतः स्रोत किती दूर आणि संकेत किती स्वच्छ यावर ठरते. अधिक नोंदी मिळतील, त्याने हळूहळू फरक पडेल.

पण औंढ्याचं खरं मोल दुसरीकडे आहे आणि ते नीरजाताईंच्या पाच तऱ्हांशी थेट जोडलेलं आहे. अमेरिकेतली हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनची यंत्रं जवळजवळ एकाच दिशेने लावलेली आहेत. त्यामुळे ती दोघं मिळूनही लहरीची तऱ्हा कोणती हे नीट सांगू शकत नाहीत. एकाच खिडकीतून दोघांनी पाहिल्यासारखं आहे ते. १४ ऑगस्ट २०१७च्या नोंदीत इटलीतलं व्हर्गो सामील झालं, तेव्हा कुठे ध्रुवीकरणाची पहिली चाचणी करता आली. त्यात सामान्य सापेक्षतेच्या दोन तऱ्हांनाच झुकतं माप मिळालं. पाच तऱ्हा एकमेकींपासून वेगळ्या करायच्या तर वेगवेगळ्या कोनांतून पाहणारी आणखी यंत्रं हवीत, आणि हिंगोली अमेरिका-युरोपपासून लांब, पृथ्वीच्या गोलाईच्या वेगळ्याच भागावर आहे. गावात हेच सांगा: औंढ्यातून लहर कुठल्या तऱ्हेने थरथरते ते कळेल.

हिंगोलीकर

हे सांगता येईल. धन्यवाद.

शंकासुर

पण २०१७ साली हा सगळा विषय निकालात निघाला ना? दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, १७ ऑगस्ट २०१७. गुरुत्वीय लहर आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. १३ कोटी प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर एवढाच फरक. म्हणजे दोघांचा वेग एकच. वेग प्रकाशाचा तर वस्तुमान शून्य. त्यानंतर सामान्य सापेक्षतेचे कितीतरी पर्याय बाद झाल्याचं मी वाचलं होतं.

सोनचाफा

शंकासुर, हा समज इतका पसरला आहे की सविस्तर लिहिते. मी सैद्धांतिक विश्वरचनाशास्त्रात काम करते, सध्या युरोपात आहे.

२०१७च्या त्या घटनेने बाद झाले ते मुख्यतः असे सिद्धांत, ज्यांत गुरुत्वीय लहरीचा वेग सगळ्याच वारंवारतांना सारखा, पण प्रकाशापेक्षा वेगळा असतो. गुरुत्वाकर्षणाला एखादं अदिश क्षेत्र गुंतागुंतीने जोडलेलं असलं की तसं होतं. वस्तुमानाची गोष्ट वेगळी. ध्रुवबाळ यांचंच सूत्र त्या १.७ सेकंदांना लावून पाहा. १०० हर्ट्झसाठी वस्तुमानाची मर्यादा १० चा उणे २० वा घात इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येते. कृष्णविवरांच्या टकरीतून याच्या शंभरपट कडक मर्यादा आधीच मिळालेली होती! घड्याळांच्या तुलनेपेक्षा एकाच संकेतातलं खर्ज-टिपेचं भांडण जास्त बोलकं असतं.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या सिद्धांतांवर काम करणाऱ्यांना कोणतं वस्तुमान हवंय? १९९८ साली विश्वाचं प्रसरण वेग घेत असल्याचं कळलं. दूरवर गुरुत्वाकर्षण थोडं दुबळं पडत असेल, तर त्या प्रवेगाचा काही भाग तरी त्यातून समजावता येईल, ही मूळ आशा. त्यासाठी ग्रॅव्हिटॉनचा पल्ला दृश्य विश्वाएवढा हवा, हजार कोटी प्रकाशवर्षांच्या पुढचा. म्हणजे वस्तुमान १० चा उणे ३३ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट. लायगोची मर्यादा उणे २३ वर आहे. मध्ये दहा शून्यं आहेत. इतक्या हलक्या ग्रॅव्हिटॉनमुळे २०१५च्या त्या लहरीला होणारा उशीर काढला तर १० चा उणे २५ वा घात सेकंद येतो. तो कुठलंही यंत्र मोजणार नाही.

म्हणून "लायगोने मॅसिव्ह ग्रॅव्हिटी (वजनदार ग्रॅव्हिटॉनचे सिद्धांत) बाद केली" हे विधान चुकीचं आहे. लायगोने दार ठोठावलं ते दुसऱ्याच मजल्यावरचं.

शंकासुर

मान्य. गणित करून पाहिलं, उणे २० च येतंय. पण मग नीरजाताईंनी सांगितलेला १.३१ विकलांचा प्रश्न उरतोच. तिथे तर वस्तुमान कितीही कमी असलं तरी पंचवीस टक्के फरक. तो कसा गिळला?

सोनचाफा

इथेच हा विषय सुंदर होतो.

१९७२ साली आर्काडी वाइनश्टाइन यांनी दाखवलं की व्हॅन डॅम-व्हेल्टमन यांचा हिशेब सूर्याजवळ लागूच पडत नाही. त्यांनी क्षेत्र दुबळं धरून फक्त पहिलं पद ठेवलं होतं. सूर्याजवळ सामान्य सापेक्षतेसाठी ते चालतं. पण वस्तुमान जितकं लहान, तितकी ती पाचवी तऱ्हा स्वतःशीच जास्त जोराने गुंतते. जड वस्तूच्या आसपास ती इतकी घट्ट होते की हलेनाशी होते. पाण्यात चमचा फिरवणं आणि थंडीत गोठत आलेल्या काकवीत फिरवणं, यांत जो फरक आहे तो. चमचा तोच, हात तोच, पण काकवी दाद देत नाही. मग त्या तऱ्हेची जादा ओढ उरत नाही, गुरुत्व स्थिरांक कमी करावा लागत नाही आणि प्रकाश मुकाट १.७५ विकला वळतो.

ही 'काकवी' कुठवर पसरते? आजच्या सिद्धांतात, वस्तुमान उणे ३३ वाल्या घातातलं धरलं तर सूर्याभोवती सुमारे ४०० प्रकाशवर्षांपर्यंत. नेपच्यून आपल्यापासून चार प्रकाशतासांवर. म्हणजे आख्खी सूर्यमाला, रात्री डोळ्यांना दिसणारे बहुतेक ठळक तारे, सगळे त्या घट्ट भागात. आपण जिथे जिथे बारकाईने मोजतो, तिथे हा सिद्धांत सामान्य सापेक्षतेचं सोंग हुबेहूब वठवतो.

पण त्याच १९७२ साली बोलवेअर आणि डेझर यांनी दुसरा घाव घातला. फिर्झ-पाऊलींचं समीकरण अरेषीय केलं की पाचांच्या जोडीला सहावी तऱ्हा उगवते आणि तिची ऊर्जा ऋण असते. भौतिकशास्त्रात तिला 'भूत' म्हणतात. उधारीला मर्यादाच नाही असं एखादं खातं कल्पा. एकाने उचल करत राहायचं आणि दुसऱ्याने श्रीमंत होत जायचं. बेरीज शून्यच राहते, त्यामुळे कायदा मोडत नाही, पण काही क्षणांत पेढी बुडते. ऋण ऊर्जेची तऱ्हा असली की रिकामं अवकाश असंच क्षणार्धात कणांनी भरून फुटायला हवं. अवकाश फुटलेलं नाही, तेव्हा सिद्धांत खोटा.

यानंतर जवळपास चार दशकं हा विषय मेल्यात जमा होता. अधूनमधून कुणी उकरून काढे. २००० साली द्वाली, गाबादाद्झे आणि पोराती यांनी पाचव्या मितीचा आधार घेऊन गुरुत्वाकर्षण दूरवर गळतं करून दाखवलं. २००३ साली अर्कानी-हमेद, जॉर्जाय आणि श्वार्त्झ यांनी त्या घट्ट होणाऱ्या तऱ्हेचं गणित वेगळं काढून दाखवलं. तरी भूत होतंच.

२०१० साली क्लॉडिया द रॅम आणि ग्रेगरी गाबादाद्झे यांनी, आणि मग अँड्र्यू टॉली यांच्यासह, वस्तुमानाच्या पदाची अशी एक अनंत मालिका जुळवली की प्रत्येक पायरीवर सहावी तऱ्हा रद्द होत जाते. सगळी मालिका एकत्र केली की एका सारणीचं (मॅट्रिक्सचं) वर्गमूळ उरतं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा गुरुत्वाकर्षणात हे वर्गमूळ कुठून आलं, हेच कळेना. हसन आणि रोझेन यांनी वर्षभरात सिद्ध केलं की भूत खरोखरच गेलेलं आहे, फक्त काही पायऱ्यांपुरतं नाही. चाळीस वर्षं जे अशक्य मानलं गेलं, ते फक्त योग्य बेरीज न सापडल्यामुळे अशक्य वाटत होतं. मला आजही त्याचं अप्रूप वाटतं.

रानवारा

सोनचाफा, काकवीचं उदाहरण आवडलं. आमच्याकडे गुऱ्हाळ आहे, त्यामुळे लगेच पोचलं. पण मला एक खटकतंय. आधी पंचवीस टक्के चुकलं, मग काकवी आली. मग भूत निघालं, मग वर्गमूळ आलं. प्रत्येक भोकाला नवं ठिगळ. हे निसर्ग शोधणं झालं की हट्ट झाला?

सोनचाफा

रानवारा, प्रश्न रास्त आहे आणि आमच्या क्षेत्रातही तो विचारला जातो. दोन बाजू सांगते.

काकवी हे ठिगळ नव्हे. ती वेगळी घालावी लागत नाही, समीकरण पूर्ण सोडवलं की आपोआप निघते. वर्गमूळही मनाला येईल तसं निवडलेलं नाही. भूत नको ही एकच अट लावली की चार मितींत वस्तुमान सोडून फक्त दोनच मोकळे आकडे उरतात. एवढा आवळलेला सिद्धांत म्हणजे हट्ट म्हणता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. या सिद्धांतात आपल्या अवकाशकालाबरोबर एक दुसरी, गोठलेली मोजपट्टी लागते. ती कुठून आली याला उत्तर नाही. हसन आणि रोझेन यांनी तीही जिवंत केली, म्हणजे दोन अवकाशकाल, एक वजनरहित ग्रॅव्हिटॉन आणि एक वजनदार, एकूण सात तऱ्हा. आणि ज्या विश्वासाठी हा खटाटोप सुरू झाला, तिथेच मूळ सिद्धांत अडतो. गोठलेली मोजपट्टी सपाट धरली तर आपल्यासारखं सपाट, सगळीकडे सारखं, प्रसरण पावणारं विश्व त्याच्या उत्तरांत येतच नाही. जी प्रवेगी उत्तरं मिळाली त्यांतली बरीचशी अस्थिर निघाली. शिवाय सुमारे हजार किलोमीटरहून लहान अंतरावर हे समीकरण काय सांगतं यावर विसंबता येत नाही, तिथे त्याला आणखी मुळातला आधार हवा. प्रकाशाहून वेगवान संदेश यात शक्य होतात का, यावरही बरंच भांडण झालं आहे.

मी स्वतः पैज लावायची झाली तर शून्यावर लावेन. तरी हे काम व्हायलाच हवं होतं असं मनापासून वाटतं. शून्य आणि जवळजवळ शून्य यांत नेमका काय फरक पडतो, हे कुणी शेवटपर्यंत जाऊन पाहिलंच नव्हतं.

नारायणगावकर

थोडी भर घालतो. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आमच्या शेजारची, ४५ मीटरच्या ३० तबकड्या. तिच्या निरीक्षणांसह भारतीय आणि युरोपीय गटांनी जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. स्पंदकांच्या (ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या) ठोक्यांमधला सूक्ष्म पुढेमागेपणा वर्षानुवर्षं नोंदवून. या लहरींचं एकेक आवर्तन काही वर्षांचं असतं.

आता ध्रुवबाळ यांचा आकडा बघा: १० प्रकाशवर्षं. वस्तुमान तेवढं असतं तर १० वर्षांहून लांब आवर्तनाच्या लहरी प्रवासच करू शकल्या नसत्या. प्रत्येक वस्तुमानाला एक किमान वारंवारता असते, तिच्याखाली लहर चालतच नाही. लायगोची सर्वांत कडक मर्यादा आणि खोडदसारख्या दुर्बिणी जिथे ऐकतात तो पट्टा नेमके एकाच ठिकाणी भेटतात. निरीक्षणं लांबत जातील तसा स्पंदकांचा हात आणखी खाली पोचेल. शिवाय आकाशात दोन स्पंदकांमध्ये किती कोन आहे त्यानुसार त्यांचे ठोके एकमेकांशी कसे जुळतात याचा एक ठरलेला आलेख आहे. वस्तुमान असेल तर तो आलेखही बदलतो.

ध्रुवबाळ

हे दोन आकडे शेजारी ठेवून मी कधी पाहिले नव्हते. अगदी बरोबर.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. लायगो उणे २३, स्पंदक त्याच्या थोडं खाली. सिद्धांत बसलाय उणे ३३ वर. मग तिथपर्यंत पोचणारं मोजमाप आहे तरी कोणतं?

सोनचाफा

चंद्र.

काकवी घट्ट असली तरी पूर्ण दगड नसते. पाचव्या तऱ्हेचा अगदी थोडा अंश शिल्लक राहतो आणि त्यामुळे चंद्राच्या कक्षेचा लंबगोल दर फेरीला एक कणभर जास्त फिरतो. अपोलो ११ने १९६९ साली चंद्रावर आरसा ठेवला, पुढे आणखी ठेवले गेले. पृथ्वीवरून लेझर सोडायचा, परतीला लागलेला वेळ मोजायचा. सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरचं अंतर आज मिलिमीटरच्या पातळीवर मोजलं जातं. त्यातून येणारी मर्यादा, कोणता सिद्धांत धरला त्यावर अवलंबून, उणे ३० ते उणे ३२ च्या घातात जाते. लायगोपेक्षा कितीतरी खाली. फरक एवढाच की लायगोची मर्यादा जवळपास कुठल्याही सिद्धांताला लागू होते. चंद्राची मर्यादा मात्र काकवी नेमकी कशी आहे हे आधी ठरवल्याशिवाय काढता येत नाही.

नीरजा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्गात दहा मिनिटं काढून हे सांगितलं. ध्रुवबाळ यांचं गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घेतलं. दोघांचं उत्तर घातांकात चुकलं, त्या मुलीचं १.७ मिलिसेकंद बरोबर आलं. मग तिला म्हटलं, मागच्या वेळचं उत्तर दुरुस्त करते. शून्य मोजलेलं नाही, मोजता येणारही नाही. मोजली आहे ती फक्त वरची मर्यादा. तिने वहीत तक्त्यातलं ० खोडलं आणि त्या जागी "१.२७ गुणिले १० चा उणे २३ पेक्षा कमी" असं लिहिलं.

चंद्राचं सांगितल्यावर तिचा पुढचा प्रश्न: "तो आरसा केवढा आहे?" हे मात्र मला माहीत होतं. अपोलो ११चा आरसा म्हणजे काचेचे शंभर छोटे लोलक, प्रत्येक ३.८ सेंटिमीटरचा, ४६ सेंटिमीटर चौरस चौकटीत बसवलेले. तिने पट्टी काढली आणि बाकावर खडूने तेवढा चौकोन आखला. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग त्याच्याभोवती उभा होता.